बिनजाळ्याचे कोळी

कोणतीही संस्था आळशी माणसांमुळे बुडत नाही. आळशी माणसाला संस्था ओळखून असते. त्याच्या सोयीनं कामाच्या वेळा लावते, त्याच्या खुर्चीत गादी घालते आणि वेळ आली की त्याला बढतीही देते. संस्थेला खरा धोका असतो तो न सांगता, न दाखवता, मुकाट्यानं काम करणाऱ्यांचा. अशांचं काय करावं, हे कोणत्याच नियमावलीत लिहिलेलं नाही. (आणखी काम द्यावं, एवढंच तोंडी चालत आलेलं आहे.)

शालिग्राम निमजे यांची उभी हयात या धोक्याचा बंदोबस्त करण्यात गेली. राज्य शासनाच्या एका खात्यात ते स्थापना शाखेचे अधीक्षक होते. त्या खात्याचं काम काय, हे इथे सांगण्याची गरज नाही. खात्यातही ती कधी भासली नव्हती. स्थापना शाखा म्हणजे कोण कुठे बसेल आणि त्याला कधी उठवायचं, हे ठरवणारी शाखा. शालिग्रामराव रोज सकाळी रायपूरच्या पंडरी भागातून स्टाफ बसनं नवा रायपूरला जायचे, दिवसभर माणसं हलवायचे आणि संध्याकाळी त्याच बसनं समाधानानं परत यायचे. निवृत्तीनंतर मात्र चित्र जरा बदललं. पूर्वी त्यांच्या सहीनं माणसं हलत. आता बायकोनं, सुशीलाबाईंनी, झाडता झाडता 'पाय वर घ्या' म्हटलं की तेच हलत.

त्यांचं घर पंडरीच्या कापड बाजारामागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत. पुढे नाली, मागे पाण्याची टाकी, शेजारी गुलाबरावांचे झाकण नसलेले तीन ड्रम. म्हणजे डासांना लागणाऱ्या सगळ्या नागरी सुविधा हाकेच्या अंतरावर होत्या. तरीही निमज्यांच्या घरात डास नव्हते. का नव्हते, हे कोणी विचारलं नव्हतं. जी गोष्ट नाही तिची चौकशी होत नाही, हा शासकीय शिरस्ता आहे.

कारण मात्र घरातच राहत होतं. खिडकीच्या चौकटीत, कॅलेंडरच्या मागे, ट्यूबलाइटच्या पट्टीवर तुरीच्या दाण्याएवढे करडे कोळी होते. त्यांच्या पाठीवर पांढुरके पट्टे, पुढे मोठे दोन डोळे. ते जाळं विणत नसत. एका जागी बसत, डास टेकला की वळून पाहत, उडी मारत आणि प्रकरण निकाली काढत. माणसाला चावायचं त्यांच्या मनातही नसे. या कामाचा अहवाल त्यांनी कधी पाठवला नाही, हीच त्यांची मुख्य चूक.

याच सुमारास मुलानं, अभिनवनं, नवा रायपूरला फ्लॅट घेतला. अभिनवची नोकरी उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. पण सुनेचं, पिंकीचं, ऑफिस नवा रायपूरला होतं, त्यामुळे अंतर कोणी कापायचं हा प्रश्न लग्नातच सुटलेला होता. फ्लॅटला दोन मोठ्या खोल्या होत्या आणि एक लहान. त्या लहान खोलीवर शालिग्रामरावांचा डोळा होता. पूर्वेची खिडकी, एक पलंग, एक टेबल; माणसाला आणखी काय लागतं? आपण तिथे असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

शंकेची पाल चुकचुकली ती एका दुपारी. ते जेवून हात धूत होते आणि स्वयंपाकघरात अभिनव आईशी बोलत होता.

"आई, तू त चालच आमच्यासोबत. बाबांचं पाहू."

शालिग्रामराव नळ चालू ठेवून तसेच उभे राहिले. 'पाहू' हा शब्द त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. ज्या प्रकरणावर त्यांनी स्वतः 'पाहू' म्हटलं होतं, त्यातलं एकही पुन्हा टेबलावर आलं नव्हतं. आपण या घरात पदावर नाही, नुसतेच जागेवर आहोत, हे त्यांना पहिल्यांदा कळलं आणि ते फार लागलं.

मग त्यांनी ठरवलं की आपली उपयुक्तता दाखवून द्यायची. काम असलं पाहिजे हे दुय्यम. ते दिसलं पाहिजे. संधीही चालून आली. दुसऱ्याच दिवशी पिंकीच्या लॅपटॉपवर एक कोळी येऊन बसला आणि मान वळवून तिच्याकडे पाहू लागला.

"पापाजी, देखिए ना, ये मुझे घूर रही है," पिंकी खुर्चीवर पाय घेऊन म्हणाली. "नए घर में तो मैं एक भी मकड़ी नहीं रहने दूँगी।"

"काळजी नको करू बेटा," शालिग्रामराव म्हणाले. "मी पाहतो." (हे 'पाहतो' वेगळं होतं. यात क्रियापद खरं होतं.)

इथे एखादा सामान्य माणूस झाडू घेऊन धावला असता. शालिग्रामराव सामान्य नव्हते. विनाचौकशी कोणालाही काढायचं नाही, आधी चौकशी करायची आणि मग काढायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज. त्यांनी घरातल्या यच्चयावत जिवांचा कार्य-आढावा घ्यायचं ठरवलं. आढाव्याचं सूत्र एकच आणि न्याय्य होतं. ज्याचं काम दिसेल तो राहील.

सुरुवात मुंग्यांपासून झाली. मुंग्या रांगेत चालतात, कोणी मध्ये घुसत नाही, प्रत्येकीच्या तोंडात काही ना काही ओझं असतं आणि सदैव घाईत असतात. ते ओझं निमज्यांच्याच साखरेच्या डब्यातलं होतं, ही बाब आढाव्याच्या कक्षेबाहेरची. शेरा: शिस्तप्रिय, कायम ठेवाव्यात. त्यानंतर पाल. पाल दिवसभर ट्यूबलाइटमागे पडून असते, हे खरं. पण शालिग्रामराव काही बोलले की ती चुकचुकते. वरिष्ठांच्या बोलण्याला वेळेवर दुजोरा देणं ही कार्यालयातली अर्धी नोकरी असते. शेरा: विश्वासू, कायम ठेवावी. झुरळांची पाळी रात्रीची असल्यानं त्यांची प्रत्यक्ष भेट झाली नाही. गैरहजर व्यक्तीविरुद्ध एकतर्फी निर्णय घेणं नियमात बसत नाही, म्हणून त्यांना मुदतवाढ मिळाली.

राहिले कोळी. ज्यांनी कोपऱ्यात जाळी विणली होती, त्यांचा निकाल दिवाळीच्या साफसफाईतच दरवर्षी लागत असे. त्यांचं काम दिसतं म्हणून त्यांना काढत. आता प्रश्न बिनजाळ्यांचा होता, आणि यांचं तर काहीच दिसत नव्हतं. जाळं नाही, रांग नाही, आवाज नाही, ओझं नाही. बसतात आणि पाहतात. त्यातून अधीक्षकानं समोर जाऊन उभं राहावं तर मान वळवून थेट डोळ्याला डोळा भिडवतात. तीस वर्षांत शालिग्रामरावांकडे असं कोणी पाहिलं नव्हतं, अगदी संविदा म्हणजे कंत्राटी कर्मचाऱ्यांनीसुद्धा नाही, ज्यांच्याकडे गमावण्यासारखं फारसं काही नसतं.

तरीही नैसर्गिक न्यायाचं तत्त्व म्हणून त्यांनी कोळ्यांना एक संधी दिली. आजकाल शाळा भरली, झाड लावलं, नाली उपसली, कशालाही फोटो लागतो. फोटो नसेल तर झाड लागलेलं नसतं, मग त्याची सावली पडो किंवा आंबे लागोत. त्यामुळे शालिग्रामराव मोबाइल घेऊन खिडकीसमोर स्टुलावर बसले. पण कोळ्याची उडी फार चपळ. बोट बटणावर पडेपर्यंत डासही गेलेला आणि कोळीही. फोटोत नुसती भिंत यायची. अशा भिंतीच्या फोटोंचा बराच साठा झाल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की सदर कर्मचारी कामाच्या वेळी जागेवर नसतात.

सुशीलाबाई तांदूळ निवडत हे सगळं पाहत होत्या. त्या एकदाच बोलल्या.

"अहो, काहून त्याइच्या मागं लागले तुमी? त्या गुलाबरावच्या घरी मच्छरानं जीव जाते लोकाइचा. आपल्या घरी नाही. कोणामुळं नाही, हे तरी पाहा."

"तेच त म्हणून राहिलो मी," शालिग्रामराव शांतपणे म्हणाले. "आपल्या घरी मच्छर नाही. मच्छर नाही म्हणजे काम नाही. काम नाही त पद काहून पाह्यजे?"

सुशीलाबाईंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. वर ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली. शालिग्रामरावांना तेवढा दुजोरा पुरेसा होता. हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात निर्दोष युक्तिवाद होता आणि तो निवृत्तीनंतर सुचावा, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

कोळ्यांना कार्यमुक्त करण्याचा कार्यक्रम सकाळी झाला. बांबूला झाडू बांधला, तोंडाला गमछा बांधला, फवाऱ्याची बाटली आणली. शेजारचे गुलाबराव, रेल्वेतून निवृत्त, मदतीला आले आणि शेवटपर्यंत दारात उभं राहून 'तिकडं, अजून वर, हव, हव' असं मार्गदर्शन करत राहिले. चौकटी, कॅलेंडर, पट्ट्या, कपाटामागची फट, काही सोडलं नाही. कामापूर्वीचा आणि कामानंतरचा असे भिंतीचे दोन फोटो घरच्या ग्रुपवर गेले. दोन्हींत भिंत तीच होती, पण दुसऱ्या फोटोत शालिग्रामराव बांबू धरून उभे होते. पिंकीनं अंगठा दिला. अभिनवनं लिहिलं, 'वा बाबा.'

त्या दिवशी शालिग्रामरावांचा जीव भांड्यात पडला. ते पोटभर जेवले, आणि लहान खोलीतला पलंग खिडकीला लावायचा की भिंतीला, याचा विचार करत आडवे झाले.

पुढे जे झालं त्याला अपयश म्हणणं योग्य नाही. उलट घरात प्रथमच कामाचं वातावरण आलं. आठवडाभरात गुलाबरावांच्या ड्रममधले डास खात्रीनं निमज्यांकडे येऊ लागले. मग प्लगमधलं मशीन आलं, कछुआ अगरबत्ती आली, कडुलिंबाच्या पाल्याचा धूर आला, विजेचं रॅकेट आलं. संध्याकाळी सगळं कुटुंब टाळ्या वाजवत घरभर फिरू लागलं. बाहेरून जाणाऱ्याला भजन चाललंय असं वाटे. शालिग्रामरावांच्या अंदाजानुसार डासविरोधी हालचालींत चारशे टक्के वाढ झाली. डासांमध्ये आठशे झाली असली, तरी दोन्ही आकडे चढतेच होते. पाल जागेवर होती. मुंग्या रांगेत होत्या. झुरळांची पिल्लंही आता दिवसाढवळ्या भेटू लागली आणि त्यांचा गैरहजेरीचा प्रश्न मिटला.

मग पिंकीला ताप आला. तपासणीत डेंग्यू निघाला नाही, पण ती चार दिवस अंगदुखीनं कण्हत होती, आणि अभिनवचा धीर सुटला. फ्लॅटवर दिवाळीनंतर जायचं ठरलं होतं, ते लगेच जायचं ठरलं. म्हणजे शालिग्रामरावांनी आपल्या नेमणुकीसाठी जी मोहीम काढली, तिनं निर्णयाची तारीखच अलीकडे आणली.

निर्णय चहाच्या वेळी कळवण्यात आला. अभिनव बशीतल्या चहाकडे पाहत बोलला.

"बाबा, घर बंद ठेवलं त खराब होते. तुमी इथंच रहा न. देखरेख करा. तुमच्याइतकं कोणाले जमते?"

हे शेवटचं वाक्य ऐकताच शालिग्रामराव सावध झाले. असं वाक्य कुठे घालायचं, ते त्यांना ठाऊक होतं. दयाराम नावाचा त्यांचा एक बाबू होता. त्याला त्यांनी 'अनुभव लक्षात घेता' जुन्या इमारतीत अभिलेखांच्या देखरेखीसाठी पाठवलं होतं. अभिलेख आधीच्या वर्षीच नव्या इमारतीत गेलेले होते. दयारामनं तो आदेश हातात घेऊन 'धन्यवाद सर' म्हटलं होतं, आणि शालिग्रामरावांना तेव्हा वाटलं होतं की बरं झालं, माणूस समजूतदार निघाला.

"हव," शालिग्रामराव म्हणाले.

सुशीलाबाईंना मात्र न्यावंच लागलं, कारण स्वयंपाकाला फोटो लागत नाही, तो नसला की लगेच कळतं. रविवार ते शुक्रवार त्या फ्लॅटवर आणि शनिवारी इकडे, अशी प्रतिनियुक्ती ठरली. निघताना त्या दारात अडखळल्या.

"डब्यात चिवडा हाय. अन् दूध गरम करून ठेवत जा. राहान न तुमी? तुमाले चालते न?"

"शासनहितात हाय," शालिग्रामराव म्हणाले. सुशीलाबाई हसल्या नाहीत.

घर रिकामं झालं. शालिग्रामराव खुर्ची खिडकीशी घेऊन बसत आणि देखरेख करत. देखरेखीचं काम फार जोखमीचं असतं, कारण त्यात काहीच घडत नाही आणि ते सतत पाहावं लागतं. एके दिवशी ते असेच, बराच वेळ न हलता बसलेले असताना, चौकटीच्या फटीतून एक करडा ठिपका बाहेर आला. आढाव्यातून सुटलेला कोळी. त्यानं मान वळवून शालिग्रामरावांकडे पाहिलं. त्यांनी झाडूकडे हात नेला, तेवढ्यात काचेवर डास टेकला. कोळी दोन पावलं सरकला, थांबला, आणि उडाला. शालिग्रामरावांना ते संपूर्ण दिसलं. दिसलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसरं काही पाहायचं नव्हतं.

या वेळी कोळी डास तोंडात धरून निवांत बसून राहिला आणि फोटो सुरेख आला. शालिग्रामरावांचा ऊर भरून आला. तो क्षण एखाद्या कवीच्या वाट्याला आला असता तर त्यानं कोळ्याची क्षमा मागितली असती. शालिग्रामराव अधीक्षक होते. त्यांनी फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'डास नियंत्रणाचं काम माझ्या देखरेखीखाली सुरू आहे.'

पिंकीनं अंगठा दिला. मग रोज एक फोटो जाऊ लागला. कोळ्यांची संख्या वाढत गेली, डास कमी होत गेले, आणि काम कोणी केलं अन् नाव कोणाचं झालं, हा प्रश्न नेहमीप्रमाणे कोणालाच पडला नाही. कोळ्यांनी तर हरकतच घेतली नाही. शालिग्रामरावांना वाटू लागलं की आता आपलं काम दिसतंय. आता बोलावतील.

आणि खरोखरच फोन आला. पिंकीचा.

"पापाजी, यहाँ तो बहुत मच्छर हैं। बगल में प्लॉट खाली पड़ा है न, पानी भरा रहता है। अब मुझे मकड़ी से डर नहीं लगता। संडे को अभिनव आएँगे, आपके यहाँ से चार-पाँच ले आएँगे।"

शालिग्रामरावांनी हिशेब मांडला. कोळी जाणार म्हणजे देखरेख जाणार. देखरेख जाणार म्हणजे देखरेख करणारा जाणार. कर्मचारी पाठवून अधिकारी मागे ठेवल्याचं एकही उदाहरण त्यांना आठवेना. रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बॅगेत चार कपडे, औषधं आणि चष्म्याची जोडी भरली, आणि बॅग दारापाशी आणून ठेवली.

अभिनव लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आला. झाकणाला त्यानं खिळ्यानं भोकं पाडली होती. कोळी पकडायचं काम शालिग्रामरावांनीच केलं, अगदी हळुवार, कागदाच्या कडेनं, एकाचाही पाय न दुखावता. अभिनवनं बरणी गाडीत पुढच्या सीटवर ठेवली, कलंडू नये म्हणून बाजूला टॉवेल लावला, आणि परत येऊन पाणी प्यायला. तेव्हा त्याचं लक्ष दारातल्या बॅगेकडे गेलं.

"बाबा, कुठं जाऊन राहिले का तुमी?"

"नाही रे," शालिग्रामराव म्हणाले. "जुने कपडे हायेत. ऊन दाखवायले काढले."

गाडी गेल्यावर ते बराच वेळ फाटकाशी उभे होते. संध्याकाळी सुशीलाबाईंचा फोन आला, की कोळी सुखरूप पोचले, लहान खोलीत सोडले, पूर्वेची खिडकी आहे, बरं राहतं त्यांना तिथे. शालिग्रामराव 'हव' म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की खिडकी दुपारी लावून घेता का, ऊन फार येत असेल. सुशीलाबाई म्हणाल्या, घेतो.

ज्याअर्थी वाचकांनी ही हकिगत इथवर वाचली आहे, त्याअर्थी गेला काही वेळ ते एका जागी, न हलता, कोणतंही दिसणारं काम न करता बसून होते, आणि घरातलं कोणीतरी हे येता-जाता पाहत होतं. तेवढ्या वेळात त्या कोळ्यानं एखादा डास तरी संपवला असता. वाचकांनी या काळात काय केलं, याचा एखादा फोटो असल्यास तो घरच्या ग्रुपवर टाकून ठेवावा. पुढेमागे लागतो.